गारठ्याच्या रात्री वीज कुणाच्या वाट्याला?

पौषातली पहाट. जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर सोमाटणे फाट्याला चहाच्या टपऱ्या नुकत्याच जाग्या होत असतात. तिथून शिरगावच्या रस्त्याला लागले, की थंडी एकदम अंगाला झोंबते, कारण पवना नदी जवळ आलेली असते. गुरुवार असेल तर प्रतिशिर्डीच्या साईमंदिराकडे निघालेल्या गाड्यांचे दिवे दिसतात. एरवी या वेळी सगळे शांत असते. नदीवर धुके पसरलेले असते आणि उसाच्या पाचटावरून दव ठिबकत असते.

या शांततेत उसाच्या फडात एक बॅटरी हलताना दिसते. कानटोपी, अंगावर जुना स्वेटर, वरून घोंगडी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. साठीच्या घरातला एक शेतकरी दारे धरत असतो. एक सरी भरली की फावड्याने माती ओढून दारे बंद करायचे, पुढचे मोडायचे. पाणी हिमासारखे गार. विचारले, "काका, एवढ्या थंडीत?" तर उत्तर येते, "लाइट आत्ताच असते ना. या आठवड्यात आमची रातपाळी आहे."

साधारण त्याच सुमाराला, पंधरा-वीस किलोमीटरवर पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्यांमध्ये न्हाणीघरांतले लाल दिवे लागू लागतात. गिझर सुरू झालेले असतात. मुलांची सकाळची शाळा, मोठ्यांची कंपनीची बस. साडेपाच ते साडेआठ या तीन तासांत घराघरांतून पाणी तापते, मोटारी चालतात, मिक्सर फिरतात, इस्त्र्या गरम होतात.

दोन्हीकडे वीज तीच, तारांचे जाळे तेच. एकाला ती अंघोळीसाठी हवी तेव्हा मिळते. दुसऱ्याला मिळते तेव्हा अंथरुणातून उठून शेतात जावे लागते. आपल्याकडे विजेची चर्चा नेहमी "किती" या प्रश्नाभोवती फिरते. किती मेगावॉट तयार झाली, किती कमी पडली, दर किती वाढला. थंडीच्या दिवसांत मात्र "कधी" हा प्रश्न त्याहून मोठा होतो. कुणाला कोणत्या वेळी वीज द्यायची, हे ठरवणे म्हणजे कुणी थंडीत कुडकुडायचे आणि कुणी नाही, हे ठरवणे होय.

थंडी थोडी, मागणी मोठी

आपली थंडी ती काय, असे कुणी म्हणेल. युरोपात बर्फ पडते, घरे तापवली नाहीत तर माणसे मरतात. फ्रान्समध्ये बरीच घरे विजेवर तापतात, त्यामुळे हिवाळ्यात पारा एका अंशाने उतरला की त्या देशाची विजेची मागणी सुमारे २४०० मेगावॉटने वाढते. त्यांच्या मानाने आपला हिवाळा म्हणजे पाहुणा. पुण्यात आजवरचे सर्वांत कमी तापमान नोंदले गेले ते १७ जानेवारी १९३५ रोजी, १.७ अंश सेल्सिअस. एरवी पारा आठ-दहा अंशांवर आला, तरी वर्तमानपत्रांत "पुणे गारठले" असा मथळा येतो.

पण थोडी थंडीही विजेचे गणित कसे बदलते, ते पाहण्यासारखे आहे. उन्हाळ्यात नळाचे पाणी २८ अंशांच्या आसपास असते. अंघोळीला ते ४२ अंशांपर्यंत तापवायचे, म्हणजे १४ अंश वाढवायचे. जानेवारीत तेच पाणी १८ अंशांवर येते, म्हणजे २४ अंश वाढवायचे. बादली तीच, माणूस तोच, पण वीज सत्तर टक्के जास्त. शिवाय उन्हाळ्यात गार पाण्याने अंघोळ करणारेही या दिवसांत बटण दाबतात. चौघांच्या घरात माणशी वीस लिटर गरम पाणी धरले, तर रोज दोन युनिटांहून जास्त वीज केवळ अंघोळीवर जाते.

आता हे एका घरापुरते न ठेवता शहरापुरते पाहू. घरगुती टाकीचा गिझर साधारण दोन किलोवॉटचा असतो. समजा, पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून फक्त एक लाख घरांत सकाळी साडेसहाला तो एकाच वेळी सुरू आहे. ही मागणी २०० मेगावॉट झाली. मावळच्या पाण्यावर चालणारी खोपोली आणि भिवपुरी ही दोन जलविद्युत केंद्रे पूर्ण क्षमतेने चालवली, तरी मिळून सुमारे दीडशे मेगावॉटच देतील. सह्याद्रीचा कडा उतरून येणारे एवढे पाणी, आणि ते आपल्या एक लाख बादल्यांनाही पुरत नाही!

पूर्वी ही मागणी विजेवर नव्हती. घरोघरी तांब्याचा बंब असे. पहाटे आजी उठून त्यात लाकडाच्या ढलप्या, गोवऱ्या, नारळाच्या शेंड्या घालत असे. सगळ्यांच्या अंघोळी होईपर्यंत त्यातला जाळ धुमसत राही. शहरातला बंब गेला. खेड्यात चूल अजून आहे. मावळातल्या कातकरी आणि ठाकर वस्त्यांत थंडीचे इंधन आजही मुख्यतः लाकूड आहे. डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरणाऱ्या बाया लोणावळ्याच्या रस्त्यांवर दिसतात. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने घरात सिलिंडर आले, पण तो स्वयंपाकापुरता जपून वापरला जातो. पाणी तापवायला आणि शेकायला लाकूडच. ही मागणी कोणत्याही वीजकेंद्राच्या आलेखात उमटत नाही. ती त्या बाईच्या मानेवर आणि डोंगराच्या उतारावर नोंदली जाते.

रब्बी, गुलाब आणि द्राक्षे

शेतीची मागणीही याच दिवसांत वाढते. भाताचा इंद्रायणी तांदूळ घरात आला, की पवनाकाठी ऊस, गहू, हरभरा, भाजीपाला यांचे दिवस सुरू होतात. पाऊस नाही, म्हणजे पाणी उचलून द्यावे लागते. पवना धरण भरलेले असते, नदीत पाणी सोडलेले असते. पण नदी खाली आणि शेत वर. मधले अंतर मोटारीने काटायचे. नदी भरून वाहत असली तरी मोटार बंद असेल, तर पीक तहानलेलेच राहते. हीच नदी पुढे रावेतला पोहोचते. तिथून पिंपरी-चिंचवडसाठी पाणी उचलले जाते, तेही विजेवरच.

मावळाची आणखी एक खास गरज आहे. तळेगावच्या फूलशेती उद्यानात आणि आजूबाजूच्या हरितगृहांत जानेवारीअखेर मोठी धांदल असते. १४ फेब्रुवारीला परदेशात जाणारे गुलाब त्याच्या पंधरा-वीस दिवस आधीपासून तोडले जातात. थंडी जास्त पडली तर कळ्या मागे राहतात, कमी पडली तर आधीच उमलतात. तोडलेले फूल लगेच दोन ते चार अंशांच्या शीतगृहात जावे लागते. बाहेर गारठा असताना आत थंडी विकत घ्यायची, असा हा विचित्र व्यवहार आहे. आणि वीज गेली तर डिझेलच्या जनित्राशिवाय गत्यंतर नाही.

याहून कठीण परीक्षा नाशिक जिल्ह्यातल्या निफाडची असते. राज्यातल्या कडाक्याच्या थंडीचे आकडे बहुधा तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून येतात. डिसेंबर २०१८ मध्ये तिथे पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरला आणि पानांवर दव गोठले. द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत, म्हणून शेतकरी बागांत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबकने पाणी सोडतात. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते, त्याने मुळांशी थोडी ऊब राहते. या कामाला मोटार नेमकी पहाटेच हवी. त्या तासाला वीज नसेल, तर दुपारी कितीही मिळाली तरी तिचा उपयोग नाही. विजेची वेळ म्हणजे काय, हे द्राक्षबागाईतदाराला कुणी शिकवावे लागत नाही.

पुरवठ्याचा हिवाळा

मागणी अशी वाढत असताना पुरवठ्याचे काय होते? महाराष्ट्राच्या विजेचा कणा कोळसा आहे. चंद्रपूर, कोराडी, भुसावळ इथली औष्णिक केंद्रे रात्रंदिवस चालतात. पवनचक्क्या पावसाळ्याच्या वाऱ्यावर जोरात फिरतात. हिवाळ्यात त्या बऱ्याचशा मंदावतात. धरणांत पाणी असते, पण ते मेअखेरपर्यंत पुरवायचे असते. कोयनेचेच पाहा. १९६० मेगावॉटचा हा प्रकल्प. धरणात १०५ टीएमसीहून अधिक पाणी मावते, पण कृष्णा पाणीवाटप लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्याला वर्षाकाठी ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. हे वर्ष १ जूनला सुरू होते. डिसेंबरात हात सैल सोडला, तर एप्रिल-मेच्या उकाड्यात तो आखडावा लागतो. म्हणून जलविद्युत केंद्रे सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांसाठी राखून ठेवतात. त्यांचा मोठा गुण असा, की ती काही मिनिटांत सुरू होतात. कोळशाच्या केंद्राला थंड अवस्थेतून पेटायला अनेक तास लागतात.

हिवाळ्याची एक भेट मात्र आपल्याला मिळते. ऊस गाळपाचा हंगाम याच दिवसांत असतो. शिरगावच्या शेजारी, कासारसाई-दारुंब्रे इथल्या संत तुकाराम साखर कारखान्याच्या वाटेवर उसाच्या गाड्यांची रांग लागते. ऊस पिळून उरलेल्या चिपाडावर राज्यातले कित्येक कारखाने वीज तयार करतात आणि ती जाळ्यात सोडतात. वारा झोपलेला असतो तेव्हा ऊस जागा असतो.

आणि आता आपण एकटे नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. सारा देश एका तारेत ओवला गेला तो आपल्या सोलापूरच्या उंबरठ्यावर. याचा अर्थ असा, की दिल्ली-पंजाबची थंडीही आता आपल्या हिशेबात येते. तिकडे हिवाळ्यात हिमालयातल्या नद्या आटतात, धुक्यामुळे सूर्य उशिरा दिसतो आणि घराघरांतले हीटर लागतात. सकाळच्या त्या तासाला देशभर सगळ्यांनाच वीज हवी असते, आणि बाजारात तिची किंमत चढते.

एकटे राहण्याचा धोका काय असतो, हे अमेरिकेतल्या टेक्सासने फेब्रुवारी २०२१ मध्ये अनुभवले. तेलावायूने समृद्ध असे ते राज्य. त्याने आपले वीजजाळे शेजाऱ्यांपासून बरेचसे वेगळे ठेवले होते. हिमवादळ आले, विहिरी आणि नळ गोठले, वायू मिळेना म्हणून वीजकेंद्रे बंद पडली. वीज कमी पडली म्हणून काही ठिकाणी वायू ढकलणाऱ्या पंपांचीच वीज तोडली गेली, आणि वायू आणखी कमी झाला. ४५ लाखांहून अधिक घरे अंधारात गेली. सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसे दगावली. संपूर्ण जाळे कोसळायला ४ मिनिटे ३७ सेकंदच उरली होती, असे नंतर सांगण्यात आले. जी थंडी मागणी वाढवते, तीच पुरवठाही गोठवू शकते. श्रीमंतीने यातून सुटका होत नाही. आधी केलेल्या तयारीने होते.

मावळचे पाणी, मुंबईचा उजेड

विजेच्या या कथेत मावळ पहिल्यापासून आहे. लोणावळ्याच्या पावसावर वीज करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. ते १९०४ मध्ये गेले. काम त्यांच्या मुलांनी पुढे नेले. १९११ मध्ये वळवण धरणाची कोनशिला बसली. १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली. लोणावळा, वळवण आणि शिरवता इथल्या तलावांचे पाणी पाचशे मीटरहून अधिक खोल कोकणात सोडून जनित्रे फिरवायची, असा तो घाट. पाठोपाठ आंध्रा नदीवरच्या ठोकळवाडीच्या पाण्यावर भिवपुरी १९२२ मध्ये आणि मुळशीच्या पाण्यावर भिरा १९२७ मध्ये सुरू झाले. जे पाणी इंद्रायणीतून, मुळेतून भीमेला जायचे, ते कडा ओलांडून पश्चिमेला वळले.

या उजेडाची किंमतही इथल्याच माणसांनी मोजली. मुळशीच्या धरणात जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे नेते झाले आणि "सेनापती" हे नाव त्यांना इथेच चिकटले ते कायमचे. बायाबापड्या कामावर आडव्या झाल्या, तुरुंगात गेल्या. तीनेक वर्षांनी लढा संपला आणि धरण झाले. धरणविरोधी चळवळींच्या इतिहासात जगभर आज त्याची नोंद घेतली जाते.

शंभर वर्षे झाली. मुंबई वाढली, तिला आता देशाच्या चारी कोपऱ्यांतून वीज मिळते. पण या डोंगरातल्या पाण्याचे काम बदललेले नाही. संध्याकाळी शहराचे दिवे लागण्याची वेळ झाली, की घाटाखालची जनित्रे फिरू लागतात. घाटावरचा शेतकरी मात्र त्याच्या पाळीची वाट पाहत असतो.

रातपाळी का आली?

शेतीला रात्री वीज देणे ही कुणाची दुष्ट बुद्धी नव्हती. त्यामागे हिशेब होता. रात्री शहरे झोपतात, बाजार बंद होतात, मागणी उतरते. कोळशाची केंद्रे मात्र रात्रीपुरती विझवून सकाळी पेटवता येत नाहीत. मग त्या उरलेल्या विजेला गिऱ्हाईक शोधले गेले, आणि ते मिळाले शेतीपंपांच्या रूपाने. राज्यात आज ४५ लाखांच्या आसपास शेतीपंप आहेत. त्यांना एक आठवडा दिवसा आठ तास, एक आठवडा रात्री दहा तास, अशा चक्राकार पद्धतीने वीज मिळत आली. टंचाईच्या काळात हा ताण आणखी वाढला. २००५ नंतरची काही वर्षे आठवून पाहा. खेडी दिवसाचे दहा-बारा तास अंधारात असायची. पुण्याने २००६ मध्ये त्यातून वाट काढली. उद्योगांनी आपली स्वतःची जनित्रे गर्दीच्या वेळी चालवायची, जाळ्यातली वीज शहराला सोडायची आणि त्याचा जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी सोसायचा. "पुणे पॅटर्न" म्हणून त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यही होते. पण ज्याच्याकडे पैसे होते त्याने भारनियमनातून सुटका विकत घेतली, आणि शहराच्या वेशीबाहेर ते चालूच राहिले, हेही तितकेच खरे.

रातपाळीचा खर्च कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. अंधारात बांधावर पाय पडतो तो कधी सापावर. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या आपल्याच जिल्ह्यातल्या तालुक्यांत उसात बिबट्या असतो. तिथे रात्री पाणी द्यायला जाणे म्हणजे जिवावर उदार होणे. वाकून, ओल्यात, गारठ्यात तासन् तास काम केल्याने दम्याची, सांधेदुखीची माणसे पुरती खचतात. मग शेतकरी त्यावर उपाय शोधतो. मोटारीला स्वयंचलित बटण लावून घरी झोपतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू. परिणाम असा, की त्या वाहिनीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, दाब कोसळतो, रोहित्र जळते आणि मग आठ-आठ दिवस कुणालाच वीज नसते. इकडे शेतात पाणी रात्रभर वाहते. सरी फुटते, खत वाहून जाते, नदीचे पाणी वाया जाते. जे स्वस्त म्हणून दिले, ते असे महाग पडते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरात शेतकरी रस्त्यावर बसले होते ते दिवसा दहा तास वीज द्या, या मागणीसाठी. पुढे एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देण्याची योजना आली. बिल माफ झाले, याचा आनंद कुणालाही होईल. पण शिरगावच्या त्या काकांना विचारले, तर ते वेगळेच बोलतात. "फुकट दिली तरी रातची दिली, तर आम्ही काय करायचं?"

आपली थंडी उन्हाची आहे

इथेच या प्रश्नाची उकल आहे. युरोपातली थंडी अंधाराची असते. दिवस सात-आठ तासांचा, सूर्य ढगाआड. आपल्याकडे थंडी पडते तीच मुळी आकाश निरभ्र असते म्हणून. रात्री ढगांचे पांघरूण नसल्याने जमीन तापलेली ऊब सोडून देते आणि पहाट गारठते. पण त्याच निरभ्र आकाशातून सकाळी नऊनंतर स्वच्छ ऊन पडते. सौर पट्ट्यांना तर थंड हवेतले ऊन जास्त मानवते. उन्हाळ्यात त्या तापल्या की त्यांची क्षमता थोडी घटते.

कोळशाच्या काळात उरलेली वीज रात्री असे. सूर्याच्या काळात ती दुपारी असते. हिशेब उलटला आहे, तेव्हा शेतीचे वेळापत्रकही उलटले पाहिजे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची सुरुवात २०१७ मध्ये झाली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला. गावच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्यावर शेतीची वाहिनी दिवसा चालवायची, अशी ती योजना. १६ हजार मेगावॉटचे उद्दिष्ट ठेवले आहे. ही वीज युनिटमागे सुमारे तीन रुपयांना पडते. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे शेतीची गरज आणि सूर्याचा हंगाम यांचा मेळ बसतो. पावसाळ्यात मावळात सूर्य दिसत नाही, पण तेव्हा मोटारीही लागत नाहीत.

यात अडचणी नाहीत असे नाही. योजनेत जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आहे. मराठवाड्यातल्या माळरानावर तो चांगला आधार आहे. पण द्रुतगती मार्गाच्या कुशीतल्या मावळात गुंठ्याचे भाव गगनाला भिडलेले असताना त्या भाड्याने कोण जमीन देणार? गायरान घ्यावे तर गुरे कुठे चारायची? म्हणून इथे गावांशी बसून बोलावे लागेल. प्रकल्प तालुक्यात बसत नसेल, तर दुपारची वीज दुसऱ्या जिल्ह्यातून आणता येते. तारा त्यासाठीच आहेत. "जमीन नाही" म्हणून मावळची रातपाळी चालू राहावी, हे कारण पटणारे नाही.

सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांना सूर्याचा उपयोग नाही, हेही मान्य केले पाहिजे. तिथे पुन्हा मावळचेच पाणी कामाला येणार आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात शिरवता इथे १८०० आणि भिवपुरीला १००० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांचा करार झाला. दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वर चढवायचे, संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. रिकाम्या वेळी भरून ठेवलेल्या हंड्यासारखा हा प्रकार आहे. भिऱ्याला दीडशे मेगावॉटचा असा एक संच बरीच वर्षे चालतोच आहे. कल्पना उत्तम आहे. पण शंभर वर्षांपूर्वीची चूक पुन्हा होऊ नये. ज्या डोंगरावर हा हंडा भरला जाणार, त्याच्या पायथ्याच्या आणि माथ्यावरच्या वस्त्यांना, पवना-इंद्रायणीच्या खोऱ्यातल्या शेतांना दिवसाची खात्रीची वीज हा त्या कराराचा भाग असायला हवा. मुळशीच्या शेतकऱ्याने १९२१ मध्ये विचारलेला प्रश्न, "आमच्या वाट्याला काय?", अजून उत्तराची वाट पाहतो आहे.

घरातले दोन-तीन तास

आणि आपण, रविवारची पुरवणी वाचत चहा घेणारे? आपलाही या वेळापत्रकात वाटा आहे. पुण्यात आकाश जवळजवळ सबंध हिवाळा मोकळे असते. गच्चीवरचा सौर बंब आदल्या दिवशीच्या उन्हाने पाणी तापवून ठेवतो आणि पहाटेच्या त्या गर्दीतून एक गिझर कमी होतो. बऱ्याच सोसायट्यांच्या गच्चीवर हे बंब आहेत, पण नळ्यांत क्षार साचून बंद पडलेले. वर्षातून एकदा ते साफ करून घेण्याचा ठराव सभेत मांडायला हरकत नाही. जिथे गिझरच आहे, तिथे तो तासभर आधी लावून विसरू नये. धुण्याचे यंत्र आणि टाकी भरणारी मोटार दुपारी चालली तर कुणाचे अडत नाही. १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या घरगुती वापराला, वेळेची नोंद करणारा मीटर असेल तर, दरात सवलत देण्याचे धोरण आले आहे. वीजव्यवस्थाच आता सांगते आहे, की दुपारी वापरा. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावी. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात लावू नये. दरवर्षी थंडीत त्याच्या विषारी वायूने माणसे जातात.

एका घराने गिझर अर्धा तास कमी लावला, म्हणून शिरगावच्या शेतात लगेच दुपारी वीज येणार नाही. पण शहराने सकाळची गर्दी थोडी पांगवली, शेतीची मागणी दुपारच्या उन्हाशी जोडली गेली, तर गर्दीच्या वेळी महाग वीज विकत घेण्याचा भार उतरेल. शेतकऱ्याला दिवसा वीज देणे परवडत नाही, ही सबब मग कुणाला सांगता येणार नाही. महावितरणने पुढच्या रब्बीआधी प्रत्येक शेती वाहिनीचे वेळापत्रक आणि ती सौरवर कधी येणार याची तारीख गावच्या चावडीवर लावावी. ग्रामसभेने ती वाचून दाखवावी. मागणी साधी आहे, आणि तिला खर्चही फारसा नाही.

त्या पहाटे परत निघताना काकांनी शेवटचे दारे मोडले. पूर्वेला उजाडत होते, तुंगच्या बाजूचे डोंगर धुक्यातून वर येत होते. "चहा घेऊन जा," ते म्हणाले. पाय धुवायला त्यांनी मोटारीच्या नळाखाली पाय धरले आणि तेवढ्यात मोटार थांबली. वीज गेली होती. पाळी संपली होती. डोंगरावर आता स्वच्छ ऊन पडणार होते. ते दिवसभर शेतावर पडून राहणार होते, आणि त्या उन्हात मोटार बंद राहणार होती.